काळजाचे फोटो काढणारी

"मी फक्त फोटो काढते, मावशी."

आत काय दिसलं, असं कुणीही विचारलं की त्या बाई एवढंच म्हणायच्या. मग पेशंटचं घड्याळ, अंगठी, किल्ली काढून घ्यायच्या आणि सोबतच्या बाईच्या ओटीत टाकायच्या. आमच्या ह्यांच्या वेळी ती ओटी माझी.

तुम्हीही कधी एमआरआयच्या खोलीबाहेर बसला असाल, तर तुम्हाला ठाऊक असेल. दार उघडलं की माणूस आधी फोटो काढणाऱ्याच्या तोंडाकडं बघतो. ह्या बाईंच्या तोंडावर काही म्हणता काही सापडायचं नाही. डोक्यावरची ओढणी नीट करत सगळ्यांना एकच हसू.

ह्यांना दुसऱ्याचं हृदय बसवलंय. शरीर त्याला परकं समजून भांडतं आणि त्या भांडणात आत व्रण पडून हृदय कडक होऊ शकतं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. सुरुवातीला मानेच्या शिरेतून तार घालून हृदयाचा बारीक तुकडा काढायचे आणि तपासायचे. ह्यांनी त्या तारेचा असा धसका घेतला होता की नाव काढलं तरी घाम फुटायचा. फोटो स्पष्ट आले आणि त्यात व्रण वाढलेले दिसले नाहीत, तर तार टळायची. पण त्यासाठी त्या नळीत पडून, श्वास सोडून, तसंच थांबायचं असतं. आमचे हे पाच मोजेपर्यंत टिकायचे नाहीत.

बाईंनी ह्यांना कामाचं विचारलं. हे आधी कामशेतजवळच्या पॉलिहाऊसमध्ये गुलाबाच्या कामाला होते. ते ऐकून बाई आत गेल्या आणि माइकवर म्हणाल्या, "काका, औषधाची फवारणी चालू झाली बरं का. श्वास सोडा. आता नाक बंद, मी सांगेपर्यंत घ्यायचा नाही." पॉलिहाऊसात फवारणीला दम धरायची सवय असलेले हे जागच्या जागी थिजले. मी बावीस वर्षं तंबाखू सोडा म्हणून घसा कोरडा केला, तेव्हा माझं ऐकलं नाही. ह्या बाईंचं एकाच दुपारी ऐकलं.

मला मत्सर वाटला. लपवत नाही.

पुढं तर तारीख आली की हे दोनदा दाढी करायचे. इस्त्रीचा शर्ट घालायचे. आत गेल्यावर दवाखान्याचाच झगा घालायचा असतो, तरी. पहिला रिपोर्ट चांगला आला तेव्हा जुन्या सोबत्याकडून डझनभर गुलाब मागवून बाईंना दिले. हजारो गुलाब कापले असतील ह्यांनी, माझ्यासाठी कधी एक पाकळी घरी आली नाही. बाई जवळच्याच वराळे गावच्या. ईदनंतर त्यांनी माझ्यासाठी डबाभर शिरखुर्मा आणला. फार गोड झालाय, असं मी ह्यांना सांगितलं आणि डबा बोटानं पुसून खाल्ला.

एकदा मी यंत्राच्या खोलीच्या काचेअलीकडं बाईंच्या मागं बसले होते. माइक चालूच होता. आतून ह्यांचा आवाज आला, "मॅडम, डाग वाढला आसंल तर आदी मला सांगा. हिला नका सांगू. ही जेवायची न्हाई."

बाईंनी माझ्याकडं वळूनसुद्धा पाहिलं नाही. "मी फक्त फोटो काढते, काका," म्हणाल्या. मला घरी विचारलं की हे "काय न्हाई, बरं हाय" म्हणायचे. आणि ह्या बाईंजवळ एवढं बोलतात. रडू आलं ते रागानं की कशानं, मला सांगता येणार नाही.

गेल्या वर्षी त्यांच्या नवऱ्याची बदली झाली आणि त्या साताऱ्याला गेल्या. मी देवापुढं साखर ठेवली.

पुढच्या तारखेला बाईंच्या जागी आत यंत्रातला भरून ठेवलेला आवाज बोलायला लागला. हे घाबरले, धापा टाकायला लागले. फोटो हलले. पुन्हा हलले. नवीन माणूस म्हणाला, असंच झालं तर डॉक्टर तारेचंच सांगतील. तेव्हा मी मंगळसूत्र काढलं, बांगड्या काढल्या, त्यानं तपासून आत सोडलं. नळीतून ह्यांचे पाय तेवढे बाहेर होते. मी घोटे घट्ट धरले.

"गप पडा," मी म्हटलं. "मी पाय दाबला की श्वास सोडायचा आन् हात काढंस्तोवर घ्यायचा न्हाई."

तो माणूस काचेतून खूण करायचा, मी दाबायचे. ह्यांनी ऐकलं. फोटो आले.

रिपोर्ट मिळाला त्याच संध्याकाळी साताऱ्याहून बाईंचा फोन. तारीख त्यांच्या ध्यानात होती. "काकांनी श्वास धरला का, मावशी?"

"धरला. मी धरायला लावला."

मग कधी नव्हे ते त्यांनी विचारलं, "आणि व्रण?"

"न्हाई वाढला. हाय तेवढाच हाय."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "काकांना द्या ना जरा," त्या म्हणाल्या.

हे ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. तिथूनच विचारलं, "कुनाचा फोन हाय गं?"

"झोपल्यात," मी बाईंना सांगितलं. मग फोनवर हात ठेवून ह्यांना म्हटलं, "राँग नंबर."