ठसका न लागलेल्या मिरच्या

अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या मराठी घरांत काही कार्य निघालं की पहिला फोन उल्काकाकूंना जायचा. एमए करून मिशिगनला आल्या त्याला वीस-बावीस वर्षं झाली होती. नोकरी कधी केली नाही. पण कुणाची आमटी बिघडलीय आणि कुठल्या नवरा-बायकोचं बोलणं बंद आहे, हे त्यांना दारात बूट काढता काढताच कळायचं. कळलं तरी बोलायची घाई नसायची.

२००८च्या संक्रांतीला फोन आला तो सीमाचा. तिच्या दहा महिन्यांच्या शार्दूलचं बोरन्हाण होतं.

"काकू, सगळ्यांना तुम्हीच कळवा. फक्त सुलेखाला नको."

"का गं? हलव्याचे दागिने तर दरवर्षी तीच करते."

"तेच नको. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगला तिनं याला मांडीवर घेतलं, 'काय गुटगुटीत आहे' म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी एकशे तीन ताप! प्रतिमाकडे जेवून गेली, तर त्यांच्याकडे ले-ऑफ."

"अगं, गाड्यांच्या कंपन्यांतली इतकी माणसं घरी बसलीत. त्या सगळ्यांकडे जेवली का ती?"

"हसू नका काकू. मी दृष्ट काढली, मिरच्या जाळल्या. जरासुद्धा ठसका लागला नाही!"

मिरच्या जळूनही ठसका लागला नाही, म्हणजे दृष्ट जबरदस्त, हे लहानपणापासून सगळ्यांच्याच कानांवरून गेलेलं. उल्काकाकू "बघते" एवढंच म्हणाल्या.

सुलेखा नागपूरची. घटस्फोट झालेली, एकटी राहणारी, तोंडानं फटकळ. डिसेंबरपासून तिला कुणाचं बोलावणं नव्हतं. संध्याकाळी तिचाच फोन आला. "काकू, शार्दूलचा मुकुट तयार आहे. आणायचा, की मुंग्यांना घालू? पण या थंडीत इथं मुंग्यासुद्धा नाहीत!"

ती हसली, पण ते हसू काकूंना आवडलं नाही.

टेबलाशी त्यांची इशिता शाळेचा प्रोजेक्ट करत होती. अमेरिकेतल्याच सेलम गावच्या लोकांना तीनशे वर्षांपूर्वी गावात चेटकिणी का दिसायला लागल्या, हा विषय.

"मग का दिसल्या?" काकूंनी विचारलं.

"दे वेअर स्केअर्ड, आई. आधी स्मॉलपॉक्स, मग लढाई, भयंकर विंटर, त्यात चर्चवरून गावात भांडणं. मग दोन मुलींना झटके आले. डॉक्टरला काही कळेना, तर म्हणाला, हे चेटूक. आणि पहिली नावं आली ती ज्यांचं कुणी ऐकणार नाही अशा बायकांची."

"आणि पुरावा?"

"मुली म्हणायच्या, आम्हाला तिची सावली छळताना दिसतेय. बाकी कुणालाच दिसायचं नाही. तरी कोर्टानं मानलं! हाउ डंब!"

"डंब नव्हते गं. घाबरलेल्या माणसाला कुणाचं तरी नाव हवं असतं," काकू म्हणाल्या, आणि एकदम थांबल्या. सीमाच्या घरात साधी फोडणी दिली तरी स्मोक अलार्म बोंबलतो. मग मिरच्या जाळताना तो वाजू नये म्हणून तिनं काय केलं असेल?

त्यांनी तिथूनच फोन लावला.

"सीमा, मिरच्या जाळताना एक्झॉस्ट फॅन चालू होता?"

"हो, फुल! नाहीतर अलार्म वाजतो आणि शेजारीण नाइन-वन-वन फिरवून बंब बोलावते." मग तिचा आवाज उतरला. "पण काकू..."

"बोरन्हाणाच्या दिवशी सगळ्यांसमोर परत दृष्ट काढू. पंखा बंद ठेवून. सुलेखाला मी घेऊन येते. ठसका लागला नाही, तर मीच तिला घरी सोडीन. कबूल?"

सीमा शेवटी म्हणाली, "कबूल."

शनिवारी सगळ्या बायका किचनमध्ये जमल्या. सुलेखा कोटसुद्धा न काढता, दागिन्यांचा डबा छातीशी धरून दारातच उभी. काकूंनी मीठ, मोहरी, मिरच्या शार्दूलवरून ओवाळल्या. चार मिरच्यांत भागलं असतं. त्यांनी मूठभर घेतल्या होत्या. तव्यावर टाकल्या. क्षणभर काहीच झालं नाही. प्रतिमानं हळूच सुलेखाकडे पाहिलं.

आणि पहिली प्रतिमाच खोकली. मग सगळ्याच. अलार्म किंचाळायला लागला. सीमाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी; शार्दूल कडेवर; मागचं दार बर्फानं घट्ट बसलेलं, एका हातानं उघडेना.

"सुलेखा, याला धर गं जरा!"

डबा ओट्यावर ठेवून सुलेखानं शार्दूलला घेतलं, कोटात गुंडाळलं. "धरलं. गुटगुटीत म्हणू, की नको?"

"म्हण गं बाई, काय हवं ते म्हण!" सीमा खोकत दाराला खांदा लावत म्हणाली.

उल्काकाकूंनी पदर नाकाला लावला, आणि हात वर करून पंखा सुरू केला.