शेपूट दारात अडकलेलं मांजर

जुन्या रद्दीचा दमट वास आला की खोपोलीच्या कारखान्याच्या वसाहतीतलं ते जपानी घर आठवतं. तिथल्या जपानी इंजिनिअरच्या बायकोकडे मी कॉलेजात असताना जपानी शिकायला जायची. मी कपाटातलं तलवारबाजांचं जाडजूड कॉमिक मागितलं, तर तिने ते हळूच परत ठेवून आपल्या लहान मुलीचं, मांजराच्या गोष्टीचं, तसल्याच दमट वासाचं कॉमिक माझ्या हातात दिलं आणि ते मुलीला मोठ्याने वाचून दाखव म्हणाली. मी इंग्रजी शाळेतली, माझ्या मराठीला घरी सगळे हसायचे. इथेही कुणी हसलं, तर उद्यापासून यायचं नाही असं ठरवूनच मी बसले. अक्षराला अक्षर जोडत पहिलं पान संपवलं आणि मुलगी खदखदून हसली. मी पुस्तक मिटलं. मागे केर काढणाऱ्या साजगावच्या मावशी म्हणाल्या, “अगं, मिटलंस कशाला? तुला नाय हसत ती. मांजराचं शेपूट दारात अडकलंय, त्याला हसतेय. वाच गं पुढं!” मी उघडून पाहिलं, तर पानावरच्या शेवटच्या चित्रात शेपूट खरंच अडकलं होतं; मी ती ओळ वाचल्यावरच मुलगी हसली होती, म्हणजे मी वाचलेलं तिला कळलं होतं. आजही बोलताना समोर कुणी हसलं की मी क्षणभर थांबते, आणि मग पुढचं वाक्य बोलते.