कट केला म्हणजे ठीक

आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नाही, आणि लिहायचं म्हणजे तहसीलचा अर्ज, तोही दुसऱ्याकडून लिहून घ्यायचा. त्यामुळे आपल्या घरची गोष्ट चार लोकांनी वाचावी असं वाटणं हाच मला आगाऊपणा वाटतो. त्यात ही गोष्ट मोबाईलच्या सिमची आहे. कुणी तिला क्षुल्लक म्हटलं तर मी वाद घालणार नाही. वाद त्या पंधरवड्यात पुष्कळ झाले.

मी भोरला कॉलेजात शेवटच्या वर्षाला होतो. भातशेती पाहण्यासाठी पाच विद्यार्थ्यांना दहा दिवस व्हिएतनामला न्यायचं एका संस्थेनं ठरवलं आणि त्यांत माझी निवड झाली. त्याच आठवड्यात आईनं सांगितलं, छातीत गाठ हाताला लागते. भोरच्या डॉक्टरांनी सुईनं नमुना घेऊन पुण्याला पाठवला. रिपोर्ट यायचा होता तेव्हा मी तिकडे असणार होतो. मी जात नाही म्हणालो. आई चिडली.

"तू हितं बसून गाठ इरघळणाराय का? जा गप. आन् कुणाला बोलू नगंस. भावकीत तर न्हाईच न्हाई."

मला परदेशाचं जे काही कौतुक होतं ते तिथंच संपलं. रिपोर्ट आला की त्याच दिवशी मला कळावं, एवढंच उरलं.

आमच्या घरी फोनची एक रीत आहे. आबा, म्हणजे माझे वडील, बटणांचा फोन वापरतात. बोलायला पैसे पडायचे तेव्हा त्यांनी ठरवून टाकलं: मी फोन करायचा, त्यांनी कट केला म्हणजे सगळं ठीक. उचलला म्हणजे काहीतरी झालंय. आता बोलणं महाग राहिलं नाही, पण रीत तीच आहे. तीन वर्षं मी भोरच्या खोलीवरून रोज संध्याकाळी फोन करतो आणि ते रोज कट करतात. खोलीतली मुलं हसतात. मला मात्र तो कट झाल्याशिवाय जेवण जात नाही.

म्हणून मला तिकडे इंटरनेट नव्हे, फोन लागणारं सिम हवं होतं. आमच्याबरोबर येणाऱ्या सरांनी फर्मावलं होतं, की सगळ्यांनी ई-सिम घ्यायचं. म्हणजे दुकानातून चिप आणायची नाही. मोबाईलवर एक चौकोनी कोड स्कॅन केला की सिम आत बसतं. ते कुठल्या कंपनीचं घ्यावं यासाठी मी चार रात्री नाही, चार अख्खे दिवस वाया घालवले. प्रत्येक पानावर विमानतळावर हसणारी माणसं. एक जण म्हणे अमर्याद, आणि खाली बारीक अक्षरांत मर्यादा लिहिलेली. दुसऱ्याचं स्वस्त, पण त्यावरून कुणाला फोनच लावता येत नाही. तिसरा तिथला नंबर देणार होता, फोन लागणार होता, पण तो सगळ्यांत महाग. त्या हसणाऱ्या माणसांचा मला इतका राग आला, की मी फोन उशीखाली ठेवून दिला.

शेवटी एसटी स्टँडजवळच्या मोबाईलच्या दुकानात गेलो. दुकानदारानं माझा जुना फोन हातात घेऊन त्यात ई-सिम चालेल का ते पाहिलं.

"चालंल. कुठं निघाली स्वारी?"

"व्हिएतनामला. भातशेती बघायला."

तो गिऱ्हाइकांकडे वळला. "भात बघाया इमानानं! आरं, उत्रोलीला जा की, चालत जाशील. सिम बी बदलाया लागणार न्हाई."

सगळे हसले. मीही हसलो, आणि त्याबद्दल मला अजून स्वतःचा राग येतो.

सरांनी तर वर्गातच घेतलं. "चौघं स्वस्तातलं घेतायत. तुलाच फोनवर कुणाशी बोलायचंय एवढं?"

"घरी, सर."

"घरच्यांना सांग, दहा दिवस धीर धरा. आणि जुनं सिम काढून ठेव, तिकडं भलतं बिल लागतं."

आईचं नाव काढता येत नव्हतं. मी मान खाली घालून महागाचंच घेतलं. जुनं सिम मात्र सरांच्या सांगण्याप्रमाणे काढून ठेवलं.

निघायच्या आदल्या दिवशी नसरापूरला एसटी बदलून मार्गासनीच्या पुढे घरी गेलो. नवीन नंबर आबांच्या फोनमध्ये घालून द्यायचा होता. तेव्हा कोडाबरोबर आलेली सूचना नीट वाचली: नंबर तिथं उतरल्यावरच मिळणार होता.

"नंबर कुटाय?" आबांनी फोन पुढे धरून विचारलं.

"तिकडं गेल्यावर मिळंल. चौऱ्यांशीनं सुरू होईल."

"म्हंजी दावं आधी आणलंस आन् बैल मागनं येणार. शिकून ह्येच आलं का?"

आई मधे पडली नाही. मी न जेवता निघालो.

तिकडे उतरल्यावर नंबर मिळाला. पहिल्याच संध्याकाळी घरी फोन लावला. दोनदा वाजला आणि कट झाला. मला इतकं बरं वाटलं, की आबांचा तो टोमणाही विसरलो. रोज लावायचो, रोज कट. सातव्या दिवशी, सोमवारी, रिपोर्ट यायचा होता. मी फोन लावला. एकदा वाजला. कट झाला.

म्हणजे ठीक. त्या दिवशी मी ताटात दोनदा भात घेतला. सरांनी पाहिलं.

"आज खुशीत? घरच्यांशी बोलणं झालं वाटतं."

"बोलणं नाही सर, कट केला."

"करणारच," सर मोठ्यानं हसले. "परदेशी नंबर कोण उचलतंय? फसवणूकवाले समजतात. माझ्या बायकोनं तर मला ब्लॉक केलंय."

घास तसाच राहिला. गेल्याच महिन्यात आमच्या गावात पोलीस येऊन सांगून गेले होते, की बाहेरचा नंबर दिसला तर उचलू नका, कट करा. आबा पहिल्या ओळीत बसले होते. मग गेले सात दिवस ते मला ठीक म्हणत होते, की कुणा चोराला हाकलत होते? चौऱ्यांशी त्यांच्या ध्यानात होतं का? मी लागोपाठ सहा वेळा फोन लावला. सहाही वेळा कट. सातव्यांदा फोन बंद.

मेसेज आबा उघडत नाहीत. गावात एकच स्मार्टफोन असा होता, ज्याचा नंबर माझ्याकडे होता: तात्यांचा. तात्या आबांचे थोरले भाऊ. भातखाचराच्या पाण्यावरून दोन वर्षं दोघांत बोलणं नाही. घरं शेजारी, पण मधल्या कुंपणाच्या वाटेला काटेरी झापा लावून ती बंद केलेली. त्यांना विचारायचं म्हणजे आईचा शब्द मोडायचा, आणि तोही भावकीतच. एक अख्खा दिवस मी खाचरं बघत फिरलो. काय पाहिलं ते आठवत नाही. दुसऱ्या दिवशी लिहिलं: "तात्या, आईच्या छातीत गाठ आहे. रिपोर्ट आला असेल. आबा फोन कट करतात. एवढं विचारून सांगा. पाया पडतो."

त्यांनी वाचल्याच्या दोन निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर आलं नाही. दुपारी नाही, संध्याकाळी नाही. मी मनातल्या मनात त्यांना जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. महागाचं सिम घेणाऱ्या स्वतःलाही सोडलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी, बसमध्ये चढताना, तात्यांचा आवाज आला, रेकॉर्ड करून पाठवलेला. मी बसच्या पायरीवरच थांबलो. मागून सर ओरडत होते.

"आयक. लिवता येत न्हाई मला, म्हून बोलतोय. काल तुझ्या बाला झाप्यावरनं हाळी दिली, तर त्यो पाठ फिरवून गोठ्यात गेला. आज सकाळी पुन्हा दिली. म्हनलं, पाण्याचं नंतर भांडू, तुझं पोरगं तिकडं झुरतंय. तर म्हंतो, मला कुणी चोरटा रोज फोन करतोय, कट करून करून अंगठा दुखाया लागला. येडं हाये. आन् तू बी येडा. शेजारच्या घरातलं दुखणं दुसऱ्या देशातनं कळतंय आमाला. तुझी आई हितंच उभी हाय झाप्याशी, मला शिव्या घालती."

मागे आईचा आवाज आला, "सांगा की आधी त्येला!"

"सांगतोय. सोमवारीच आलाय कागद, डाक्टरनं वाचून दावला. साधी चरबीची गाठ हाय. कापायची बी गरज न्हाई."