अकरा चाळीसचा फोन

आमच्या घरात भुताखेतांच्या गोष्टींना बंदी नव्हती, किंमत नव्हती एवढंच. वडील गणिताचे मास्तर, मीही त्यांच्याच वळणावर गेलेला. नोकरीची एकतीस वर्षं जंगलात आणि जंगलाच्या कागदांत गेली. स्मशानाला लागून असलेल्या चौकीत महिनोन्‌महिने एकटा राहिलो. पान हललं तर ते वाऱ्यानेच हललं. म्हणूनच हे लिहायला निवृत्तीनंतरही चार वर्षं लागली... यात भूत नाही, हे आधीच सांगतो. जो माणूस माझ्याशी बोलला तो चांगला जिवंत होता आणि जे घडलं ते भर उन्हात घडलं.

शेवटची काही वर्षं मी पुण्यात वणवा-नियंत्रणाचं काम बघत होतो. शहराच्या कडेचे डोंगर आणि त्यांच्यामागची वनजमीन, या सगळ्याचा उन्हाळा माझ्या टेबलावर. फेब्रुवारीत गवत वाळतं. मग कोणी विडी टाकतो, कोणी मुद्दाम पेटवतो, कोणी वाढदिवसाचे फटाके डोंगरावर जाऊन उडवतो. त्याआधी आम्ही जाळरेषा काढायचो, म्हणजे गवताचा रुंद पट्टा आपणच जाळून मोकळा करायचा, आग तिथे येऊन थांबावी म्हणून. त्यानंतर पाऊस येईपर्यंत कंट्रोल रूम. नाव मोठं, पण होती एक खोलीच – भिंतीवर नकाशा, उपग्रहाचे अलर्ट दाखवणारा कॉम्प्युटर, एक लँडलाइन आणि नोंदवही.

त्या लँडलाइनवर आमचं एक नेहमीचं गिऱ्हाईक होतं. तांबोळी काका. मूळचे कसबा पेठेतले, हयात सरकारी नकाशे काढण्यात गेलेली. पाय अधू झाल्यावर मुलाकडे वारज्याला राहायला आले होते. चौथा मजला, समोर डोंगर, हातात दुर्बीण. धूर दिसला की फोन.

"अहो, आपला डोंगर जळतोय. आपल्याला सवड असेल तर बघा."

वैताग यायचा, पण माणूस कधी चुकायचा नाही. कित्येकदा उपग्रहाच्या आधी त्यांचा फोन यायचा. तोवर मी त्यांना प्रत्यक्ष भेटलो मात्र नव्हतो.

एप्रिलमधला मंगळवार होता. सकाळी अकरा चाळीसला फोन वाजला. वेळ नक्की सांगतोय, कारण ती माझ्याच अक्षरात वहीत आहे.

"तांबोळी बोलतोय. डोंगरावरच्या पाण्याच्या टाकीच्या खालची सगळी उतरण पेटली आहे. आणि ऐका – तुमचा एक माणूस तिथे अडकलाय. टाकीपासून दक्षिणेला उतरलं की हद्दीचा तिसरा पांढरा खांब. त्याला टेकून बसलाय. निळा शर्ट. एका पायात बूट नाहीये. हात वर करतोय, पण उठत नाहीये."

मी स्क्रीनकडे पाहिलं. आगीचा एकही ठिपका नव्हता. कोणाचा दुसरा फोन नव्हता.

"काका, नीट बघितलंत का? आमच्याकडे काहीच नाही."

"तुमच्याकडे नसेल. डोंगरावर आहे."

"बरं काका, पाठवतो माणूस," मी म्हणालो. समजूत काढायला म्हणतात तसं.

तरी खात्री करावी म्हणून त्या भागाचा वनरक्षक बबन, त्याला मोबाईल लावला आणि टाकीखाली धूर दिसतो का विचारलं. बबन तिथलाच. त्याचं गाव आता शहरात आलंय, पण शेतातली मोट ओढलेले बैल त्याला नावानिशी आठवायचे. अठ्ठेचाळीस वर्षांचा, सडसडीत. आग विझवण्यात त्याच्यासारखा हात पुणे जिल्ह्यात मी पाहिला नाही.

"न्हाय ओ साहेब. टाकीपाशीच हुबा हाय मी. सगळं सपाट साफ हाय."

"तांबोळी काका म्हणतायत, आमचा माणूस, म्हणजे तूच, खांबाला टेकून बसलायस. निळा शर्ट घालून."

बबन हसला. "शर्ट निळाच हाय आज, वर्दी धुवाया टाकलीय. पर बसाया टाइम कुटं देता तुमी?"

मीही हसलो. वहीत लिहिलं – 'खोटी खबर. खात्री केली.' आणि पुढच्या कामाला लागलो.

दोन पन्नासला स्क्रीनवर ठिपका आला. टाकीच्या खालची उतरण.

बबनला फोन करण्यासाठी हात उचलला तेव्हा सकाळचं आठवलं नाही असं म्हणणार नाही. आठवलं. पण काय सांगणार होतो त्याला? तू जाऊ नकोस, एका म्हाताऱ्याने तुला आधीच तिथे बसलेला पाहिलाय? मी म्हणालो, "बबन, आग लागली. दोघांना घेऊन जा. वारा पश्चिमेचा आहे, जपून." तो गेला.

सव्वातीनला त्याच्याशी शेवटचं बोलणं झालं. बरोबरच्या दोन मजुरांना त्याने रस्त्याच्या बाजूला खाली पाठवलं होतं आणि स्वतः जाळरेषेच्या कडेने पलीकडे चालला होता. मग वारा फिरला. असा फिरला की दहा मिनिटांत आग जाळरेषा ओलांडून गेली. बबनचा फोन लागेना.

मजुरांनी सांगितलं, शेवटचा दिसला तो उत्तरेच्या ओढ्याकडे पळताना. आमची दुसरी टोळी, अग्निशमनची माणसं, सगळे ओढ्यात उतरले. मी कंट्रोल रूममध्ये. लँडलाइन सारखी वाजत होती. सोसायट्यांमधले लोक, पत्रकार, कोण कोण.

चार वाजता माझ्या डोक्यात तो तिसरा खांब आला... आणि गेला नाही.

इथे मला खरं लिहायचंय, नाहीतर लिहिण्यात अर्थ नाही. मी लगेच बोललो नाही. खांब दक्षिणेला, माणसं उत्तरेला. तिथून माणसं काढून इकडे पाठवायची, तीही आग लागायच्या तीन तास आधीच्या एका फोनवरून? वरिष्ठ लाइनवर होते. कोणत्या तोंडाने सांगू? पाऊण तास मी नकाशाकडे बघत गप्प बसलो.

पावणेपाचला सहन होईना. म्हणालो, "टाकीच्या दक्षिणेला तिसरा खांब आहे, तिथे कोणीतरी जा." का, ते कोणी विचारलं नाही.

बबन तिथेच होता. चुना लावलेल्या खांबाला टेकून बसलेला. डाव्या पायात बूट नव्हता, पाय घोट्यातून मोडला होता. अंगावर भाजल्याची एक खूण नाही – भोवती एक खडकाळ तुकडा होता, आग तिथे आलीच नव्हती. धुराने गेला. टोळीतला एकजण मला फोनवर रडत म्हणाला, "साहेब, अंग अजून गरम हाय ओ."

पाच दिवसांनी मी वारज्याला गेलो. काकांच्या सुनेने, नसीमने, दार उघडलं. काका बाल्कनीत खुर्चीवर होते. मी नाव सांगितलं. त्यांनी बसा म्हटलं नाही.

"आता आलात? त्या दिवशी पाठवतो म्हणालात."

"काका, तुम्ही फोन केलात तेव्हा आग लागलीच नव्हती. सकाळचे अकरा चाळीस झाले होते."

"सकाळी? मी साडेतीनला फोन केला. चहा पिऊन."

नसीम दारातच उभी होती. ती म्हणाली, "हो, मीच चहा दिला ना यांना. हे घाबरून ओरडायला लागले, 'फोन आण, फोन आण.' मीच नंबर लावून दिला. सकाळी तर घरी कोणीच नव्हतं, यांना दवाखान्यात नेलं होतं मी. दहाला गेलो, एकला आलो."

तिने फाइल काढून दाखवली. दवाखान्याचा कागद, त्याच तारखेचा. मी मोबाईल काढला. बबनला केलेला माझा कॉल – अकरा शेहेचाळीस. ऑफिसच्या फोनमध्ये काकांचा नंबर अकरा चाळीसला आलेला, मी स्वतः पाहून आलो होतो. साडेतीनच्या आसपास त्यांचा नंबर कुठेच नव्हता. नसीमच्या घरच्या फोनवर मात्र आमच्या नंबरला केलेला कॉल तीन एकतीसचा दिसत होता. दोन मिनिटं बोलणं झालेलं.

दोन्ही फोन खरे. त्या दोन मिनिटांत बोललेला आवाज माझा. आणि तीन एकतीसला मी त्या फोनसमोर बसलो होतो, तेव्हा काकांचा फोन आलाच नव्हता.

काकांना मी हे सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग डोंगराकडे वळले. अर्धा डोंगर काळा होता.

"नंतर तुमचा फोन एंगेजच लागत होता," ते म्हणाले. "पण तुम्ही पाठवतो म्हणालात, म्हणून मी थांबलो. धूर मधूनमधून फाटायचा तेव्हा दिसायचा तो. पावणेपाचपर्यंत हात हलत होता त्याचा."

नसीमने पाणी आणून दिलं.

चौकशी झाली, कोणाचा दोष निघाला नाही. 'खोटी खबर' ही नोंद मी चौकशीत स्वतःहून दाखवली. साहेब म्हणाले, "वेळ लिहिताना चुकली असेल तुमची." मी वाद घातला नाही. टेलिफोनवाल्यांकडे चौकशी केली, एका ओळखीच्या इंजिनिअरला विचारलं. तो म्हणाला घड्याळ चुकलं असेल. पण बबन माझ्याशी बोलला होता, हसला होता. घड्याळ चुकून मेलेला माणूस हसत नाही. काकांनी त्यानंतर कधी फोन केला नाही. पुढच्या वर्षी ते गेले.

बबनच्या दिवसांना मी त्याच्या घरी गेलो होतो. माणसं पांगल्यावर त्याची बायको, सुमन, माझ्यासमोर येऊन बसली. रडणं संपलं होतं तिचं. हळू आवाजात विचारलं, "साहेब, एकच सांगा. लई वेळ व्हते का ते तितं? कुनी बघितलं व्हतं का त्यांना?"

मी म्हणालो, "नाही वहिनी. लगेच गेला तो. कोणी बघितलं नाही."

ती मान हलवून आत गेली. तो फोन कसा आला, याचं उत्तर मला आजही मिळालेलं नाही, आता मिळेल असंही वाटत नाही. पण सुमनवहिनी अजून वारज्याच्या रस्त्यावरच्या त्याच घरात राहतात. वारज्याला जायचं झालं की मी लांबच्या रस्त्याने जातो.