त्या गाडीला तोफ नव्हती

अन्याय झाला तो आमच्या शिवाजी पेठेतल्या एका पॅटर्नमेकर मिस्त्रींवर. चौऱ्याहत्तर साली, दसऱ्यानंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी साडेअकराला. शाहूपुरीतल्या माजी सैनिकांच्या कचेरीत साहेबानं त्यांच्या अर्जावर 'नामंजूर' असं लिहिलं. मी शेजारीच बसलो होतो, आणि तो शब्द लिहायला निम्मं कारण मीच पुरवलं होतं.

मिस्त्रींना आम्ही पेठेतली पोरं चाचा म्हणायचो. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रह्मदेशात जपान्यांशी लढले आणि डावा पाय घोट्यापासून वाकडा घेऊन घरी आले. आता शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ज्यांवरून ओतकामाचा साचा घेतात ते नमुने, करतात. लष्कराच्या कागदावर त्यांच्या पायाबद्दल एक ओळ आहे : 'सामान वाहणाऱ्या गाडीखाली सापडून अपघात.' तिथं त्यांना 'लढाईत जखमी' एवढे दोनच शब्द हवे होते. त्यानं पेन्शन वाढली असती, पण पेन्शनचं ते कधी बोललेच नाहीत. म्हणायचे, "पोरं इच्यारत्यात, चाचा, गोळी लागली का? काय सांगू? गाडीखाली घावलो म्हणू? एसटीखाली घावल्यावानी?"

ती एसटी नव्हती. जपान्यांनी ती गाडी पुढच्या खंदकापर्यंत दारूगोळा ओढून न्यायला बनवली होती. रणगाड्यासारखी लोखंडी पट्ट्यांवर चालायची; मागं तशाच पट्ट्यांवरचा छोटा ट्रेलर. गोळीबारातून जायचं म्हणून अंगाला चिलखत, वर एका माणसापुरता बुरूज, बुरुजात एक मशिनगन. आत दोनच माणसं, उंची जेमतेम माणसाएवढी. पुढं जपान्यांनी ती टेहळणीला घातली, पायदळाच्या पुढंही घातली, आणि तिथं तिचा दम निघाला. चिलखत एवढं पातळ की जवळून मारलेली गोळी आत शिरायची. वळण जोरात घेतलं की पट्टा निसटायचा.

चाचांच्या तुकडीनं ती अशीच एक पट्टा निसटून अडकलेली गाठली. मशिनगन चालूच होती. बुरूज मागं वळायच्या आत चाचा मागून सरपटत गेले. चालकानं उरलेल्या एका पट्ट्यावर गाडी गर्रकन फिरवली आणि दारूगोळ्यानं भरलेला ट्रेलर चाचांच्या पायावरून गेला. दवाखान्यातल्या कारकुनानं विचारलं, कशाखाली आलास? चाचांनी खरं ते सांगितलं. त्यानं 'अपघात' लिहिलं.

अर्ज केला तेव्हा मी वीस वर्षांचा. पत्रकं लिहिण्यात पेठेत माझा हात धरणारा कुणी नाही, अशी माझी समजूत. चाचांसाठीही एक झणझणीत पत्रक काढलं : 'राक्षसी जपानी रणगाड्याच्या तोफेनं ज्याचा पाय उडवला, त्या वीराला न्याय द्या.' ट्रेलरचं नावही नाही. चाचांना वाचून दाखवलं नाही, कारण ते खोडतील हे मला ठाऊक होतं. सायक्लोस्टाइल करून गावभर वाटलं आणि एक प्रत अर्जाला जोडली.

तिकडं चाचा पुराव्यासाठी त्या गाडीचं लाकडी मॉडेल करत होते. दोन महिन्यांचे सगळे रविवार, सागवानाचे उरलेसुरले तुकडे. पट्टे फिरायचे, बुरूज वळायचा. मागं ट्रेलरही जोडलेला.

मी म्हणालो, "चाचा, ट्रेलर काढा की. साहेबाला सामानाचीच गाडी दिसंल."

"पाय कशाखाली गेला माझा?"

"ट्रेलरखाली, पण..."

"मग? लेका, पॅटर्नवर न्हाय ते ओतकामात येत न्हाय. उद्या म्हणशील, पायबी काढा."

साहेबानं मॉडेल हातात घेतलं, पट्टा बोटानं फिरवला. "कारागिरी झकास हाय, मिस्त्री." मग माझं पत्रक काढून शेजारी ठेवलं. "ह्याला तोफ कुठं हाय?"

"तोफ नव्हतीच, साहेब. एकच मशिनगन."

"हितं तर तोफेनं पाय उडीवलाय."

चाचांनी माझ्याकडं पाहिलं. "ते मी न्हाय लिवलं."

"मग कुणी लिवलं, पावणं?" हे मला.

"ते प्रचाराचं आहे," मी म्हणालो. दारातला शिपाईसुद्धा हसला.

"तुमच्या दोघांतच मेळ न्हाय. आणि ही मागं जोडलीया ती सामानाचीच गाडी की."

कसलं सामान, हे त्यानं विचारलं नाही. चाचांच्या जोडीदारांवर सुटत होत्या त्या गोळ्या, हे सामान. मी ते ओरडून सांगायला हवं होतं. पण एकदा खोटा ठरलेल्या माणसाचं खरं कोण ऐकतो? साहेबानं मॉडेल पुरावा म्हणून ठेवून घेतलं आणि पुरावा नाही म्हणून अर्ज फेटाळला.

जिना उतरताना चाचा एवढंच म्हणाले, "मला इच्यारायचं तरी." शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

फेरअर्ज करायचा आहे. ती गाडी लढाईत पाहिलेल्या माणसाचा जबाब त्याला लागतो, आणि चाचांच्या तुकडीतलं कुणी आम्हाला सापडत नाही. पण ब्रह्मदेशातून परतलेला माणूस या जिल्ह्यात गावोगाव आहे. तुमचे वडील असतील, चुलते असतील, शेजारचे आबा असतील. आज त्यांच्यापुढं बसा. ती बुटकी गाडी आणि तिच्यामागचा ट्रेलर पाहिला होता का, विचारा. पाहिला असेल तर ते सांगतील तसं लिहून घ्या, त्यांना वाचून दाखवा, खाली सही घ्या आणि तो कागद पेठेत चाचांच्या हातात आणून द्या. तोफ घालू नका.