पंजा उचललेल्या जॅग्वारचा मग

सिराजने उभ्या आयुष्यात कोणावर हात उचलला नव्हता. लहानपणी जयगडला अब्बा अम्मीला वहाणेने बडवायचे, तेव्हा दाराआड उभं राहून त्याने कसम खाल्ली होती, आपण असं करायचं नाही. कुवेतला आल्यावरही मीना अल-अहमदी बंदराजवळच्या एका ठेकेदाराच्या ऑफिसात तो मान खाली घालून सगळ्यांना चहा देत राहिला.

मायदेशी परतणाऱ्या एका मेक्सिकन इंजिनिअरने जाताना त्याला आपला चिनीमातीचा मग दिला. त्यावर प्राचीन माया लोकांच्या चित्रांतली जनावरं होती: माकड, घुबड आणि पंजा उचललेला, ठिपक्याठिपक्यांचा जॅग्वार. सगळ्यांचं झालं की सिराज त्यातून आपला चहा घ्यायचा.

सुपरवायझर सर्फराजला ते खुपायचं. तो रत्नागिरीचाच, पण हाताखालच्या माणसाला लाथ घालताना मागचापुढचा विचार करायचा नाही. एका दुपारी तो पँट्रीत शिरला, सिराजच्या हातातला मग हिसकावून त्यातला कढत चहा त्याच्या छातीवर ओतला आणि तो मग भिंतीवर आपटून फोडला.

"तुझ्या बापाने पाहिला होता का असला मग?" तो म्हणाला.

बापाचं नाव निघालं आणि सिराजच्या डोक्यात सणक गेली. त्याने स्टीलची किटली उचलून सर्फराजच्या जबड्यावर हाणली. सर्फराज कोसळला. सिराज त्याच्या छातीवर बसला आणि बुक्क्यांनी तोंड ठेचू लागला. फुटक्या मगाच्या खापऱ्या गुडघ्यांत घुसत होत्या, त्याला कळत नव्हतं. सर्फराजने हात जोडले, तरी तो थांबला नाही. ड्रायव्हर तौफीकने मागून मिठी घालून त्याला ओढून काढला.

सर्फराजचा जबडा मोडला, दोन दात गेले. सिराजला पोलिसांनी कोठडीत टाकलं. पुढे त्याच्या छातीवरच्या फोडांचे फोटो निघाले, तेव्हा प्रकरण आपल्यावरच उलटेल म्हणून सर्फराजने तक्रार मागे घेतली. ऑफिसने सिराजला काढलं, पण दुसरीकडे लागायला रिलीजचा कागद दिला.

महबूला भागातल्या त्यांच्या खोलीत बायको लैला त्याच्या छातीला मलम लावत होती. भांडणाचं सगळं तिला तौफीककडून कळलं होतं.

"त्याने हात जोडले होते ना?" तिने विचारलं.

"जोडले होते."

"मग?"

"मग मला बरं वाटत होतं, लैला," सिराज म्हणाला.

तिने मलमाची डबी बंद केली.

आता तो फहाहीलच्या मासळीबाजारात मासे साफ करतो. घरात आवाज चढवत नाही, लैलाला उलट बोलत नाही. पण परवा बल्ब बदलायला त्याने हात वर नेला आणि शेजारी उभ्या लैलाने डोळे गच्च मिटून मान चुकवली. सिराज तसाच अंधारात खाली बसला. बल्ब मग तिनेच लावला.