मामांचं ‘अंदाजे’

माझ्या बायकोच्या मामांनी उभ्या आयुष्यात एकही गोष्ट नेमकी सांगितली नाही, हे मी पैजेवर सांगतो. वय विचारलं तर म्हणत, “असंल पन्नास-साठ. तुमाला किती वाटतंय?” मनगटावर घड्याळ असे, पण ते कधीचंच बंद पडलेलं. सेल टाका म्हटलं की हसत. “कशाला? दिस हाय का रात, येवढं कललं म्हंजे झालं.”

सासुरवाडीत त्यांच्या शब्दांचे अर्थ सगळ्यांना पाठ होते. ‘अंदाजे संध्याकाळी येतो’ म्हणजे मामांसाठी भात टाकायला हरकत नाही. ‘साधारण संध्याकाळी’ म्हणजे उद्या. आणि ‘जवळजवळ निघालोच’ म्हणजे मामा अजून आंघोळीलाही गेलेले नाहीत. मी नवा जावई, मला बापड्याला हे कोण सांगणार? “मानकोलीच्या आसपास थांबा,” असा त्यांचा फोन आला आणि मी भर उन्हात मानकोली नाक्यावर ताटकळत राहिलो. मामा तिकडे लांब काल्हेरला, आपल्या गावात, झाडाखाली बसलेले. मी चिडलो, तर वर मलाच म्हणाले, “आसपासच होतो की जावईबापू!”

हे सगळं हसण्यावारी जाई, पण त्यांच्या एकुलत्या एका पोरीच्या लग्नात मात्र आमच्या तोंडचं पाणी पळालं. लग्न मामांच्या दारात, काल्हेरला. नवरा मुलगा भिवंडीचा, घर धामणकर नाक्याजवळ. वऱ्हाडाला रस्ता सांगायचं काम मामांनी हौसेनं स्वतःकडे घेतलं होतं. “आमच्या शेतापासून जरासं पुढं, मंग अंदाजे डावीकडं.” आता त्या शेतावर गोदामं उभी राहून किती वर्षं झाली! मामांना अजून तिथं भातच दिसत होता. मुहूर्त जवळ आला, भटजी घड्याळ बघून घामाघूम झाले, पोरगी मुंडावळ्या बांधून रडकुंडीला आली आणि वऱ्हाडाचा पत्ता नाही. शेवटी लांबून बँड ऐकू आला म्हणून मी धावलो. नवरदेव एका गोदामाच्या आवारात घोड्यावर आणि पुढे माल उतरवायचा सोडून हमाल झकास नाचतायत! वरात वळवून आणेपर्यंत मुहूर्त टळला. भटजी काही बोलायच्या आत मामांनीच त्यांची समजूत घातली, “असू द्या हो. जवलपास गाठलाच ना?” भटजींनाही हसू फुटलं आणि अक्षता पडल्या.

पाठवणीची वेळ झाली. पोरगी गळ्यात पडून म्हणाली, “बाबा, मना भेटाला कधी येशील? अंदाजे नको सांगू.” मामांनी तिच्या मुंडावळ्या सारख्या केल्या. मग म्हणाले, “उद्या सकाली. आठ वाजता.” आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो.

माझी बायको पाठराखीण म्हणून पोरीबरोबर गेली होती. दुसऱ्या दिवशी पुरतं उजाडायच्या आत ती गॅलरीत आली, तर समोरच्या चहाच्या टपरीवर मामा बसलेले. तिनं हाक मारली नाही. कठड्याला टेकून नुसती ऐकत राहिली, असं सांगते. मामा बंद घड्याळ चाचपत होते आणि राहून राहून चहावाल्याला वेळ विचारत होते. तो बिचारा म्हणाला, “होंगे चाचा, छह के आसपास.”

मामा त्याच्यावर उखडलेच. “आसपास नहीं रे! बराबर टाइम बता. लडकी राह देखती होगी.”